नजरेचा घेर

“तुम्हाला माहीतच आहे,” असं दुभाषी बाईंचे हात म्हणाले आणि धाकटीने सवयीने मान हलवली. डॉक्टरांसमोर मान हलवण्यात तिची हयात गेली होती. डॉक्टर बोलतात, ताई ऐकते, ताईचे हात दोन शब्द सांगतात, आपण मान हलवतो, की चला घरी. पण आज ताई दाराबाहेरच्या बाकावर होती, तिच्या जागी या करड्या सदऱ्यातल्या अनोळखी बाई होत्या आणि त्यांचे हात दोन शब्दांवर थांबत नव्हते. “तुम्हाला माहीतच आहे, की डोळ्याच्या पडद्याचा हा आजार हळूहळू पुढे सरकतो. कडेचं दिसणं आधी जातं. मागच्या तपासणीपेक्षा तुमच्या नजरेचा घेर बराच कमी झालाय.” धाकटीची मान हलतच होती. मग ती थांबली. आपण थांबवली नाही, दुसऱ्याच कोणी धरून ठेवली, असं तिला वाटलं. टेबलावर डोळ्याचा प्लॅस्टिकचा मोठा नमुना होता. त्याचा एक कप्पा नीट बसला नव्हता, आणि तो कोणीतरी बसवायला हवा एवढंच तिच्या मनात आलं.

पहिला संशय तिला बाईंचाच आला. बाई चुकल्या. खुणांच्या भाषेत चुकायला वेळ लागत नाही, हात जरा इकडचा तिकडे झाला की डोक्याचं दुखणं पोटात जातं. बाई परगावच्या असतील, त्यांच्याकडे खुणा वेगळ्या असतील. किंवा डॉक्टर दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत असतील, आणि बाईंना सगळंच सांगायची खोड होती, त्यातलं हे. कारण खोड होतीच. आत आल्यापासून डॉक्टर जे जे बोलले ते ते त्यांनी सांगितलं होतं. नर्सला म्हणाले, ही खिडकी दुरुस्त करायला कोणी येणार आहे की मीच शिडी घेऊ. फोनवर बायकोला म्हणाले, हो गं, आणतो, आठवण आहे, आणि फोन ठेवून म्हणाले, काय आणायचं होतं कुणास ठाऊक. बाईंनी तेही जसंच्या तसं हातांनी सांगितलं, चेहराही डॉक्टरांसारखाच वैतागलेला केला, आणि धाकटीला इतकं हसू आलं की नर्स वळून बघायला लागली. डॉक्टर असं बोलतात! सारा जन्म डॉक्टरांच्या खोल्यांमध्ये बसून काढला, आणि डॉक्टर बायकोचा निरोप विसरतात हे तिला आज कळत होतं. ताईच्या हातातून डॉक्टर नेहमी फार शहाणे आणि मोजकं बोलणारे होऊन यायचे.

या खोलीत ती आली होती ती साध्या कामासाठी. विद्यापीठात ती खडकांचा अभ्यास करत होती. दगडाचा पापुद्र्याइतका पातळ काप काढायचा, काचेवर चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघत बसायचं. त्यात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. आता सगळ्या वर्गाला खाणीवर जायचं होतं, आणि खाणीवर जाणाऱ्या प्रत्येकाला विद्यापीठाच्या दवाखान्यातून ‘तब्येत ठीक आहे’ असं डॉक्टरांचं पत्र लागत होतं. ताई सकाळच्या बसने आली, नेहमीसारखी, रजा टाकून. धाकटीला सर्दी झाली तरी ताई रजा टाकायची. पण दवाखान्याचा नियम निघाला. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याला दवाखानाच दुभाषी देणार आणि घरच्या माणसांनी आत दुभाष्याचं काम करायचं नाही. ताई हे ऐकून आधी हसली, मग चिडली, मग तिचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. “मी तिची बहीण आहे,” ती नावनोंदणीच्या खिडकीतल्या बाईला पुन्हापुन्हा म्हणत होती; तिचे ओठ वाचायला धाकटीला कष्ट पडत नाहीत. “तिचं सगळं मलाच कळतं.” धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ताईला वाईट वाटलं असणार, इतक्या वर्षांचं काम कोणीतरी हातातून काढून घेतलं. “बस गं,” तिने सांगितलं, “मी लहान आहे का?” ताईने तिचं मनगट धरलं आणि सोडायला जरा जास्तच वेळ लावला.

“तुमचं काहीतरी चुकतंय,” धाकटी आता बाईंना म्हणाली. “मला आजार नाही. माझ्या चष्म्याचा नंबर वाढतो.” बाईंनी ते डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी आधी तिच्याकडे, मग समोरच्या कागदांकडे पाहिलं. मग त्यांनी हात तोंडावर नेला, आणि धाकटीला त्यांचे ओठ दिसेनासे झाले. बाईंचे हात मांडीवर पडून होते, म्हणजे खरोखरच कोणी काही बोलत नव्हतं. हात काढला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. “तुमचा अर्ज आला तेव्हा, परवा, तुमच्या गावच्या डॉक्टरांशी मी बोललो,” बाईंच्या हातांनी ते म्हणाले. “तुम्ही शाळेत होतात तेव्हाच त्यांनी निदान केलंय. घरच्यांना बसवून सगळं समजावून सांगितलं, असं ते म्हणाले. जन्मापासून ऐकू येत नाही अशा काही मुलांमध्ये पुढे डोळेही जातात, ते एकाच आजाराचे दोन भाग. तुम्हाला कोणी... तुम्हाला हे कोणीच सांगितलं नाही?”  पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तशी ती सरकावी असं धाकटीला वाटत होतं. पण फरशी जागच्या जागी होती, खुर्ची होती, नर्स वजनकाट्याशेजारी उभी होती आणि सगळं मेलं स्वच्छ दिसत होतं.

ती खोली तिला आठवली. गावच्या डॉक्टरांची, हिरवट पडद्यांची. आई खुर्चीच्या कडेवर टेकलेली, बाबा उभेच, आणि ताई शाळेच्या गणवेशात, कारण तिला शाळेतून परस्पर आणलं होतं. आईबाबांना घरच्या खुणा यायच्या, जेव, झोप, कुठे चाललीस, एवढ्यापुरत्या; पण धाकटीशी नीट बोलता यायचं ते ताईलाच. डॉक्टर बोलत होते. खूप वेळ बोलत होते. धाकटी त्यांच्या टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीत लोहचुंबक फिरवत होती आणि आईने ती काढून घेतली नाही याचं तिला नवल वाटत होतं. आई एरवी लगेच डोळे वटारायची. आई पर्स उघडत होती, आत बघत होती, बंद करत होती. मग डॉक्टर थांबले आणि धाकटीने ताईकडे पाहिलं, काय म्हणाले म्हणून. आणि ताईने आधी आईकडे पाहिलं. हेच ते. हे तेव्हाही दिसलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. ताईने आईकडे पाहिलं, आईचे ओठ हलले, थोडेच, आणि मग ताई वळली आणि तिचे हात म्हणाले, “चष्म्याचा नंबर वाढलाय. गाजरं खायची.” धाकटीने जीभ बाहेर काढली होती, गाजरं आवडत नाहीत म्हणून. बाबा एकदम खोलीबाहेर गेले होते. बाबांना लघवीला लागली असेल असं तिला वाटलं होतं.

आणि मग घरात गाजरं सुरू झाली होती! ही गोष्ट आता तिला सगळ्यात भयंकर वाटली. निदान गाजरं तरी नको होती. आई किसून, उकडून, पिठात मळून, जमेल त्या रूपात गाजरं घालत होती आणि ती नाक मुरडत होती, आणि सगळं घर तिची समजूत काढत होतं, खा गं, डोळ्यांना चांगलं. आईला माहीत होतं की उपयोग नाही. की आईला खरंच वाटत होतं, बघू या, काय जातंय? हे दुसरं जास्त खरं असणार. आई रोज किसणीवर बोटं सोलून घेत होती ती काही नाटक म्हणून नव्हे. धाकटीला आईचा राग आला आणि त्या रागाच्या पोटातच आईची बोटं आठवली, त्यामुळे राग धड आलाही नाही.

घरी तिला खुणेचं नाव होतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला असं एक नाव मिळतंच, कुणाला गालावरच्या तिळावरून, कुणाला चालण्यावरून. तिचं नाव म्हणजे मुठीने कोपरावर टक्‌ करून मारायचं. धडपडी. धांदरट. दाराच्या चौकटीला कोपर, टेबलाच्या कोपऱ्याला मांडी, कपाटाच्या उघड्या दाराला कपाळ. मांजर पायात आलं आणि ते तिला दिसलं नाही, असं किती वेळा झालं होतं. मांजर वैतागून शेजाऱ्यांकडे राहायला गेलं, असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे आणि सगळे हसायचे. तीही हसायची. सगळ्यांत जास्त तीच. आपण धांदरट आहोत, लक्ष नसतं आपलं, दगडांखेरीज कशातच, हे तिने इतकं मनापासून धरलं होतं की तो तिचा स्वभाव होऊन गेला होता. नव्या माणसाला ती आधीच सांगून टाकायची, मी धडपडते हं, सांभाळा. आता या खोलीत बसून ती तो स्वभाव आठवू लागली आणि प्रत्येक आठवणीत तिला दिसत होतं की बाकीचे हसताना एकमेकांकडे बघत होते. हसू आधी आलं की बघणं आधी, हे काही तिला आठवेना. तिला कोपरावर मूठ मारून हाक मारणारी तिघं माणसं, आणि तिघांनाही त्या हाकेचा अर्थ माहीत होता. तिला स्वतःलाच माहीत नव्हता.

“संध्याकाळी कमी दिसतं?” डॉक्टर विचारत होते. सगळ्यांनाच कमी दिसतं, ती म्हणाली. “अंधाऱ्या जिन्यात?” जिन्यात कोणाला दिसतं? सगळेच चाचपडतात. बाईंचे हात जरा अडखळले. डॉक्टर हळू बोलत होते हे बाईंच्या हातांवरून कळत होतं. “सगळे चाचपडत नाहीत,” ते म्हणाले. यावर धाकटीला एकदम भांडावंसं वाटलं. हिला काय माहीत, यांना काय माहीत, सगळ्यांना किती दिसतं ते? दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊन कोण बघून आलंय? तिला वाटायचं, माणसाला समोरचं दिसतं आणि बाजूचं बघायला मान वळवावी लागते. जगाची रीतच ती. बाजूचंही समोर बघता बघता दिसतं, न वळता, फुकट, आणि बाकी सगळी माणसं जन्मभर असं बघत आली आहेत, हे डॉक्टरांनी दोन हात पसरून दाखवलं. बोटं हलवत त्यांनी हात अगदी कानांच्या रेषेपर्यंत नेले. “मला माझी बोटं अजून दिसताहेत,” ते म्हणाले. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःचे हात उचलले, समोर धरले आणि हळूहळू बाजूला नेले. हात गेले. अजून खांद्यांच्या पुढेच होते, ते तिला जाणवत होतं, आणि तरी हात नव्हते. तिने ते पुन्हा आत आणले. पुन्हा नेले. नर्सने मान फिरवली.

“सायकल चालवता?” आता मात्र ती दचकली. सायकल ती रोज चालवत होती. वसतिगृहावर आल्याबरोबर तिने जुनी सायकल मिळवली होती, कारण घरी बाबांनी कधी चालवू दिली नाही. नाही असं म्हणाले नाहीत. घरची सायकल नेहमी बिघडलेली असायची. कधी चेन नाही, कधी ब्रेक नाही, बाबा दर सुट्टीत ती उलटी करून अंगणात बसायचे, हात काळे करून घ्यायचे आणि ती काही नीट व्हायची नाही. बाबांना घड्याळापासून पंपापर्यंत सगळं दुरुस्त करता यायचं. शेजारीपाजारी त्यांच्याकडे वस्तू घेऊन यायचे. सायकल तेवढी जमली नाही. ती चिडवायची त्यांना, काय हो मेकॅनिक? बाबा काळे हात वर करायचे, हरलो म्हणून. म्हणजे बाबा सुट्ट्यांच्या सुट्ट्या सायकल बिघडवत बसले होते. आणि तिने मोठ्या तोऱ्यात घरी कळवलं होतं, मी इथे सायकल चालवते, भर रहदारीत, आणि कोणीही काहीही म्हणालं नव्हतं. काल संध्याकाळी एक मोटार डावीकडून अचानक आली होती. अचानक. चालवणारा काच खाली करून काहीतरी ओरडला होता आणि तिने त्याला हात दाखवला होता, कान दाखवून, ऐकू येत नाही बाबा, जा. बाकी कोणालाही ती मोटार लांबूनच दिसली असती. धाकटीने आत्ता, या खुर्चीत, मान वळवून डावीकडे पाहिलं.

“किती दिवस?” तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, दिवसांची भाषा नको, वर्षांची बोलू. कोणाचं मधलं दिसणं म्हातारपणापर्यंत टिकतं, कोणाचं टिकत नाही. उपाय आज तरी नाही. पण डोळ्यांत दुसरं काही झालं तर त्यावर आहे, त्यासाठी दाखवत राहावं लागतं, आणि काय बघायचं ते ज्याच्या डोळ्यांचं त्यालाच माहीत असावं लागतं. काठी घेऊन चालायला शिकता येतं, बरंच काही शिकता येतं, दिसतंय तोवर शिकलेलं बरं. बाईंचे हात हे सगळं सांगत होते आणि धाकटी ते हात बघत होती. सुंदर हात होते. अंगठ्याला चिकटपट्टी लावलेली होती. या हातांखेरीज या खोलीतलं एक अक्षर तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. कान नाहीत याचं तिला कधी दुःख वाटलं नव्हतं, जे कधी नव्हतंच त्याचं काय दुःख करायचं? पण डोळे गेले तर हे हात जातील. ताईचे हात जातील. माणसं बोलतात ती जागाच जाईल, आणि त्या जागी काय उरेल हे तिला सुचेना. घाबरणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. हे ते नव्हतं. ती नुसती थक्क झाली होती, कोणीतरी सणसणीत कानाखाली ठेवून द्यावी आणि गाल दुखायच्या आधी आवाजानेच, म्हणजे त्या धक्क्यानेच, माणूस गप्प व्हावा तशी.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की एक उजेडाचा गोल दिसतो, भोवती काळं. नवी मुलं या गोलाला कंटाळतात, कोंडल्यासारखं होतं म्हणतात. तिला पहिल्या दिवसापासून तिथे घरच्यासारखं वाटलं होतं. गोलात जे असेल ते सगळं तिचं. बाकीच्यांना न दिसणारा कण तिला दिसायचा, सर सगळ्यांना बोलावून दाखवायचे, बघा हिची नजर. ते खोटं नव्हतं. डॉक्टरही म्हणाले, मधलं तुमचं उत्तम आहे. पण ज्याला ती आपली हुशारी समजत होती त्यात हुशारी किती आणि सवय किती, हे आता कोणाला विचारायचं? मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते तिच्याकडे बघून बोलले, बाईंकडे नाही. खाणीवर जाऊ नका असं ते म्हणणार नाहीत. कडांपाशी धोका आहे, तिन्हीसांजेला जास्त. सोबत माणूस असेल, वेळ सांभाळली, तर जाता येईल. “काय करायचं ते तुम्ही सांगा.” बाईंचे हात तिच्याकडे उघडे होऊन थांबले. कोणत्याही डॉक्टरने तिला आजवर हा प्रश्न विचारला नव्हता. उद्या सांगते, ती म्हणाली. बाईंनी ते सांगितलं. निघताना बाईंनी डॉक्टरांचं नसलेलं, स्वतःचं एकच वाक्य म्हटलं, “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.” आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

बाहेर ताई उभी होती. बसलेली नव्हती, भिंतीला पाठ लावून उभी, पर्सचा पट्टा हाताला गुंडाळलेला. धाकटीला बघितल्याबरोबर ती पुढे आली आणि नेहमीच्या अंतरावर थांबली. फार जवळ नाही, फार लांब नाही. “काय म्हणाले?” ताईने हात हनुवटीखाली, छातीशी, अगदी आखडून धरले होते. ताई नेहमीच असं बोलायची, लहान लहान. विद्यापीठातली मुलं हात फेकून बोलतात, त्यांचं अर्धं निसटतं. ताईचं एक अक्षर कधी निसटलं नाही. ताई लाजाळू म्हणून तसं बोलते असं धाकटी समजत होती. ती त्या हातांकडे बघत राहिली. ते बरोबर गोलात बसत होते.

“तुला कधीपासून माहीत आहे?” ताईचे हात वर आले. “आई म्हणाली...” मग ते पुसलं. “डॉक्टर म्हणाले होते, उपाय नाही. म्हटलं मग तोवर तरी... शिकशील, हसशील... नंतर मला दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगू. तू इतकी खूश असायचीस गं.” “मला विचारायचं होतं,” धाकटी म्हणाली. “मला! डॉक्टरांना विचारायला माझे काही प्रश्न असतील असं कोणालाच वाटलं नाही?” येणारीजाणारी माणसं बघायला लागली, दोघींचे हात इतके जोरात चालले होते. “मी चौदा-पंधराची होते,” ताई म्हणाली, “मला कोणी विचारलं?” ते खरं होतं. पण खरं असलं म्हणून काय झालं! धाकटीला आता तिचं काहीच नको होतं. तिने डोळे मिटून घेतले. लहानपणी भांडण झालं की ती हेच करायची. डोळे मिटले की समोरचा माणूस कितीही बोंबलो, दार बंद. ताई चिडून तिला चिमटे काढायची.

आज चिमटा आला नाही. मिटल्या डोळ्यांच्या काळोखात बराच वेळ काहीच आलं नाही, आणि धाकटीच्या मनात आलं, हेच का ते. मग ताईच्या हाताने तिचा हात शोधला, तो उताणा केला, आणि तळव्यावर बोटं टेकली. गोंजारते आहे, तिला वाटलं, आणि तिने हात ओढायला घेतला. पण ते गोंजारणं नव्हतं. बोट अंगठ्याच्या टोकाला लागलं, मग तर्जनीच्या, मग तळव्याच्या मधोमध एक आडवी ओढ, मग दोन बोटं एकदम मनगटापाशी, आणि पुढेही असंच कितीतरी. भराभर, न चाचपडता. संपलं, आणि पुन्हा तसंच, त्याच जागा, त्याच क्रमाने. रोजच्या सरावाशिवाय बोटं अशी चालत नाहीत. धाकटीने डोळे उघडले.

“हे काय होतं?”

ताईने ओठ चावला. “अक्षरं. हातावरची. म्हणजे... दिसेनासं झाल्यावर बोलायला.”

“तुला कशी येतात?”

“शिकले. तू इकडे शिकायला आलीस ना, तेव्हा क्लास लावला. आईला पण येतात, माझ्यापेक्षा चांगली. बाबांचं अजून चुकतं, त्यांची बोटं जाड.” ती हसायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं.

धाकटीला ते घर दिसलं, जेवणाच्या टेबलाशी, ती तिथे नसतानाचं. आई डोळे मिटून हात पुढे करून बसलेली, ताई तिच्या तळव्यावर लिहिते आहे, बाबा म्हणताहेत, हळू, परत सांग. मग आई उठते आणि बाबा त्या खुर्चीत बसतात आणि डोळे मिटतात. आळीपाळीने एकेक जण धाकटी होतो. दर सुट्टीत ती घरी जायची तेव्हा ते हे सगळं आवरून, हसत, दारात उभे असायचे.

“आत्ता काय लिहिलंस?” तिने विचारलं.

“रागावू नकोस, असं.”

धाकटीने आपल्या तळहाताकडे पाहिलं. घरातल्या सगळ्यांना ते आता तिच्या हातावर लिहिता येत होतं, आणि तिला त्यातलं एक अक्षरही वाचता आलं नव्हतं.